पूर्वपक्षाचा तास

दुखावलेल्या मनाला एकक मिळाले, त्याला त्या जानेवारीत नऊ वर्षे पूर्ण झाली. लांबीला मीटर होता, तापाला अंश होता. भावनेला मात्र काहीच नव्हते, आणि तेवढ्यापायी या देशात किती सभा उधळल्या गेल्या, किती पुस्तकांची होळी झाली, याची गणती नाही. ज्याची भावना दुखावे त्याला ती चौकात उभे राहून ओरडून सांगावी लागे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच दुःख मोठे ठरे. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने ‘व्यथांक’ शोधून काढला आणि ओरडण्याची गरज उरली नाही. सुधारणा म्हणतात ती हीच.

शास्त्र अवघड नव्हते. माणसाला शब्द लागला की मनगटाच्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारा घाम येतो आणि त्वचेतून वीज किंचित सहज वाहू लागते. हृदयाच्या ठोक्यांमधली अंतरे, जी एरवी थोडी कमीजास्त असतात, ती एकसारखी होतात. बोटांकडचे रक्त आत ओढले जाते आणि कातडीचे तापमान अंशाच्या दहाव्या भागाने उतरते. वाक्य कानी पडल्यापासून चार सेकंदांत हे सारे एका ठरावीक क्रमाने घडते. प्रयोगशाळेने नऊ हजार माणसांना खुर्चीत बसवून नऊ हजार अपमान ऐकवले, हा क्रम टिपला आणि त्याला शून्य ते शंभर अशी मोजपट्टी लावली. चाळीसच्या वर गेले की दुखापत.

पुढची पायरी महाविद्यालयांनी स्वतः होऊन चढली. कुणाचाही आग्रह नसताना चढलेल्या पायऱ्यांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. ‘सुसंवाद संहिता’ आली, वर्गावर्गांत ध्वनिग्राहक बसले आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनगटावर प्रवेशाच्या दिवशीच एक करडी पट्टी चढली. मुले तिला ‘गंडा’ म्हणत. व्यथांक चाळीसच्या वर गेला की गंडा मनगटावर हलकेच गुंजे, मोबाइलवर ‘तुम्ही ठीक आहात ना?’ असा संदेश येई आणि त्या क्षणी वर्गात उच्चारलेली वाक्ये आपोआप सुसंवाद समितीकडे जात. फिर्यादी नको, साक्षीदार नको. मनगट पुरे.

तासगावच्या तारामती महाविद्यालयात प्रा. शर्वरी बिडकर सव्वीस वर्षे तर्कशास्त्र शिकवत होत्या. यंदा तिसऱ्या वर्षाला चौदा विद्यार्थी होते, आणि चौदा म्हणजे पीक बरे आले असे त्या समजत. त्यांची शिकवण्याची रीत त्यांनी जुन्या शास्त्रकारांकडून घेतली होती. एखादे मत खोडायचे असेल तर आधी ते प्रतिपक्षाहून चांगले मांडून दाखवायचे. हा पूर्वपक्ष. मग त्याला उत्तर द्यायचे. हा उत्तरपक्ष. कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे म्हणजे दाव्याला बांधलेल्या बैलाशी झुंजून मिशीला पीळ देणे, असे त्या म्हणत. म्हणून एक अख्खा तास पूर्वपक्षाचा आणि दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास उत्तरपक्षाचा. मधली रात्र त्या मुद्दाम मोकळी सोडत. मुलांनी ते मत अंगावर घालून घरी जावे, कुठे टोचते ते पाहावे आणि उत्तर स्वतः शोधून आणावे. सव्वीस वर्षांत ही रीत कधी चुकली नव्हती, आणि संहिता आली म्हणून ती बदलावी असे त्यांना सुचलेही नाही. विद्वानांच्या चुका बहुधा अशाच असतात. त्या सवयीच्या रूपाने येतात.

त्या सोमवारी पूर्वपक्ष होता : अशिक्षिताच्या मताला सुशिक्षिताच्या मताएवढी किंमत असू नये.

“औषधाच्या बाटलीवरची अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत,” बिडकरबाई म्हणाल्या, “त्याच्या हाती आपण आजाऱ्याला औषध पाजायचं काम देत नाही. त्यात त्याचा अपमान नाही, आजाऱ्याची काळजी आहे. मग देशाची बाटली त्याच्या हाती देताना ही काळजी कुठं जाते?”

“मॅडम, मग नापास झालेल्यांना अर्धं मत द्यायचं का?” मागच्या बाकावरून ओंकार म्हणाला.

“अर्धं कशाला? एटीकेटीवाल्यांनी पुढच्या निवडणुकीत द्यावं.”

वर्ग हसला. पहिल्या बाकावरची प्रांजल कोळेकर हसली नाही. तिचे बोट वहीवर थांबले होते. तिची आई मंगल लहानपणी मेंढरांच्या कळपामागे गावोगाव फिरली. शाळेच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही. आता ती बेदाण्याच्या शेडमध्ये दिवसभर बसून पिवळे दाणे काळ्यांतून वेगळे करी. हे बिडकरबाईंना ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्यांनी युक्तिवाद मऊ केला नाही. तसे करणे हा मुलीला कमी लेखण्याचा सर्वांत सभ्य मार्ग ठरला असता.

प्रांजलने मान वर केली. तिची नजर फळ्यावर नव्हती, बाईंवरही नव्हती; कुठेतरी पलीकडे होती. ही नजर बाईंनी सव्वीस वर्षांत फार तर सहा-सात वेळा पाहिली होती, आणि तिच्याच आशेवर उरलेली वर्षे काढली होती. त्याच क्षणी प्रांजलच्या मनगटावरचा गंडा गुंजला.

घंटा झाली.

“उद्या याच वेळेपर्यंत हे मत खरं आहे असं धरून चाला,” बाई म्हणाल्या आणि डस्टर ठेवून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तरपक्षाचा तास झाला नाही. सकाळी स्टाफरूममध्ये डॉ. अभिजित वाळिंबे चहाचे दोन पेले घेऊन आले. मानसशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ सुसंवाद समितीचे अध्यक्ष होते आणि पंधरा वर्षे बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

“एकसष्ट, बिडकर मॅडम. कोळेकरचा व्यथांक एकसष्ट. चौकशी होईपर्यंत तास बंद.”

“तो पूर्वपक्ष होता. आज त्याचं खंडन होतं.”

“मला माहीत आहे हो. पण संहितेत एक तास म्हणजे एक उक्ती. कालच्या तासाचा न्याय कालच्या तासावरच. आणि शेवटचं वाक्य...” त्यांनी मोबाइल पाहिला. “‘हे मत खरं आहे असं धरून चाला.’ हे तुम्ही का म्हणालात?”

“कारण मी तर्कशास्त्र शिकवते.”

“घ्या, चहा गार होतोय,” वाळिंबे म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच कणव होती. हेच त्यांच्याविषयी क्षमा न करता येण्याजोगे होते.

दुपारी सायकल-स्टँडपाशी प्रांजल वाट पाहत उभी होती. दुखापतग्रस्ताने दुखापत करणाऱ्याला भेटू नये, असा नियम होता. तिने तो वाचला नव्हता किंवा वाचून बाजूला ठेवला होता.

“मॅडम, मला दुखलं नाही. शप्पथ. मला सुचलं.”

“काय सुचलं?”

“उत्तर. तुमच्या वाक्यातच चूक आहे. तुम्ही पाजणाऱ्याचंच बोललात, आणि मला एकदम दिसलं की...” ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर एक हट्टी आनंद होता. “आत्ता सांगत नाही. समितीपुढं सांगते. म्हणजे नोंद होईल. मग कुणी म्हणायला नको की तास अर्धा राहिला.”

बाईंना हसू आले. उत्तर आत्ताच विचारून घ्यावे, असे क्षणभर वाटले. पण मुलीचा युक्तिवाद बिनचूक होता : आक्षेप जिथे नोंदवला गेला, तिथेच उत्तर नोंदवले जावे.

“तिथंच सांग,” त्या म्हणाल्या.

सव्वीस वर्षे तर्क शिकवूनही त्यांना असे वाटत होते की, जिथे टेबल आणि तीन खुर्च्या असतात तिथे ऐकून घेतात.

चौकशीच्या दिवशी मंगल कोळेकरही आल्या. पालक म्हणून त्यांना बोलावले होते आणि फाटकातच त्यांच्या मनगटावर पाहुण्यांसाठीचा गंडा बांधला होता. हिरव्या बांगड्यांशेजारी तो करडा पट्टा त्या पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर दोन आकडे होते : आईचा सात, लेकीचा अठरा.

बिडकरबाईंनी आपली बाजू थोडक्यात मांडली.

“धूर दिसला तर तिथं अग्नी आहे असं म्हणता येतं. पण अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो लाकूड ओलं असल्यामुळं. इथं मनगटाचा घाम म्हणजे अग्नी आणि दुखापत म्हणजे धूर. प्रयोगशाळेनं नऊ हजार वेळा ओलं लाकूड पेटवलं, नऊ हजार वेळा धूर पाहिला आणि ठरवलं की जिथं जिथं आग तिथं तिथं धूर. त्या नऊ हजारांतल्या एकाला तरी अवघड प्रश्न घालून पाहिला होता का? एखादी गोष्ट पहिल्यांदा उमगते तेव्हाही मनगटाला घाम येतो, वाळिंबे सर. ठोके तसेच पडतात. तुम्हाला आठवत असेल.”

“नाही आठवत,” वाळिंबे प्रांजळपणे म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. “मंगलताई, मॅडम वर्गात काय बोलल्या ते तुम्हाला वाचून दाखवतो. त्रास झाला तर लगेच सांगा.”

त्यांनी औषधाच्या बाटलीचा सगळा परिच्छेद वाचला. पडद्यावरचा आईचा आकडा नऊ झाला आणि तिथेच राहिला.

“काय वाटलं ऐकून?”

“काय वाटायचंय? असं म्हनत्यातच की लोक. दर इलेक्शनला म्हनत्यात.” मंगलताई बिडकरबाईंकडे वळल्या. “पर बाई, पुढं काय सांगितलंत?”

त्या खोलीत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता.

“पुढचं दुसऱ्या दिवशी सांगणार होते.”

“मग सांगा की आता.”

“ते आजच्या कामकाजात बसत नाही,” वाळिंबे म्हणाले.

“मग म्या सांगू? बाटलीवरचं मला वाचता येत न्हाई, खरं हाय. पर बाटली कुनी पाजली आन पोटात काय झालं, ते कळाया अक्षर लागत न्हाई. ते वाचनाऱ्याला न्हाई कळत, पिनाऱ्याला कळतं. मग डाक्टर बदलायचा का न्हाई, हे कुनाला इचारनार? वाचनाऱ्याला?”

बाईंच्या टिपणवहीत या विषयाचा उत्तरपक्ष अकरा पानांचा होता. त्या अकरा पानांचे आता काय करावे, असा त्यांना प्रश्न पडला.

वाळिंब्यांनी मान हलवली आणि टंकलेखकासाठी सावकाश, स्वच्छ आवाजात नोंद सांगितली : “दीर्घकालीन अवहेलनेमुळे पालकाची संवेदना बोथट झाल्याचे दिसून येते. त्यांच्या कमी व्यथांकावरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.”

लेकीचा आकडा अठ्ठ्याहत्तर झाला.

“पाहा,” वाळिंबे हळहळून म्हणाले. “नुसत्या पुनर्वाचनानंसुद्धा.”

“सर, हे त्या वाचनानं नाही, तुमच्या वाक्यानं!” प्रांजल उठून उभी राहिली. “माझ्या आईला तुम्ही बोथट म्हणालात.”

“समितीचं कामकाज संहितेच्या कक्षेबाहेर असतं, बाळ.”

“मग मला सोमवारी काय सुचलं होतं ते सांगू द्या.”

“तुला काही सांगायची गरजच नाही. दुखावलेल्या माणसाला युक्तिवाद करावा लागू नये, म्हणून तर हे सगळं आहे. बस खाली.”

अठ्ठ्याहत्तर हा आकडा बिडकरबाईंच्या नावे नोंदला गेला. प्रांजलला रोज एक तास सांत्वन-सत्र ठरले.

पुढच्या तीन आठवड्यांत बाईंकडे वेळच वेळ होता. ग्रंथालयात बसून त्यांनी संहितेचे सात वार्षिक अहवाल वाचले. ते वाचणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच. दरवर्षी दुखापतींची संख्या वाढत होती आणि दरवर्षी समिती लिहीत होती की, विद्यार्थ्यांमधली जागरूकता वाढते आहे. कारण त्याहून साधे होते. गंडा गुंजला की मूल दचकते. दचकले की मनगटाला घाम येतो. घाम आला की आकडा चढतो. शिवाय शरीर शिकते. ज्या वाक्यावर एकदा गुंजले, तसल्या वाक्याची चाहूल लागताच ते पुढच्या वेळी आधीच घाबरून बसते. पहिल्या वर्षी चाळीस ओलांडायला शिवी लागत असे. आता प्रश्नचिन्ह पुरत होते. मोजपट्टीच जखम करीत होती आणि तीच जखम मोजपट्टीच्या अचूकतेचा पुरावा म्हणून दाखवली जात होती. शास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात : दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून म्हणावे, वाट दिसते आहे. बाईंनी यावर नऊ पाने लिहून समितीला दिली. पोच मिळाली.

चौथ्या आठवड्यात वाळिंबे एक कागद घेऊन आले.

“मॅडम, मुलगी अडून बसली आहे. रोजच्या सत्रात विचारतात, कुठं दुखलं? ती म्हणते, दुखलं नाही, सुचलं. वीस दिवस एकच वाक्य. संहितेत याला आत्मनकार म्हणतात. दुखापत झालेली असताना ती न जाणवणं. पुढच्या सोमवारी तिला सहा महिन्यांच्या उपचारवर्गात पाठवावं लागेल.”

“पुण्याला तिची एम.ए.च्या प्रवेशाची मुलाखत आहे. ऑगस्टमध्ये.”

“म्हणूनच आलोय मी. दुखापत करणाऱ्यानं कबुली दिली, तर प्रकरण तिथंच मिटतं. तिचं म्हणणं मग विचारातच घ्यावं लागत नाही. तुमचे तासही सुरू होतील. फक्त पूर्वपक्ष नको. सिद्धान्त सांगा, मुलं लिहून घेतील.”

कागदावर छापलेले होते : ‘माझ्या उक्तीमुळे कु. प्रांजल कोळेकर हिचे मन दुखावले गेले, हे मी सत्य म्हणून मान्य करते.’

“यातलं ‘सत्य म्हणून’ काढता येईल?”

“छापील नमुना आहे हो.”

बाईंनी तो कागद बराच वेळ समोर ठेवला. एका पारड्यात एक खोटे वाक्य होते, दुसऱ्यात एका मुलीचे आयुष्य. वाक्य फाइलीत जाईल, आणि फाइली कोण वाचते, हे त्यांनी नुकतेच सात अहवालांवरून पाहिले होते. मुलीला सुचलेले ते उत्तर तिच्याजवळ सुखरूप राहील; पुण्याला जाईल, तिथे कुणीतरी ते ऐकून घेईल. युक्तिवादात त्यांना कुठे फट दिसली नाही. त्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्याला असत्य ठाऊक असलेल्या विधानाखाली आपले नाव लिहिले, आणि ते लिहिताना अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रत : दुखापतग्रस्तास माहितीसाठी’ असे होते. अक्षरे वाचता येणाऱ्या त्या बाईंनी ते वाचले नाही.

सोमवारी तास सुरू झाले. चौदा जण हजर होते.

“सर्वांच्या मताला समान किंमत असते,” बाई म्हणाल्या.

चौदा जणांनी लिहून घेतले. बाईंनी थांबून पाहिले. ओंकारनेही काही विचारले नाही. एकही गंडा गुंजला नाही, आणि पन्नास मिनिटांचा तास बारा मिनिटांत संपला.

वर्ग रिकामा झाल्यावर प्रांजल टेबलापाशी आली. ती थोडी वाळली होती. बोलताना तिचा उजवा हात डाव्या मनगटावर होता, दुखरा भाग झाकावा तसा.

“मॅडम, मी तुमची माफी मागायला आले.”

“माफी कशाची?”

“मी उगीच अडून बसले. तुम्हाला महिनाभर घरी बसावं लागलं.”

“प्रांजल,” बाई हळू म्हणाल्या, “त्या दिवशी तुला सुचलं होतं ते मला सांग. आता सांग. तू म्हणालीस, मी पाजणाऱ्याचंच बोलले. मग पुढं काय?”

प्रांजलने आठवण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न खरा होता. बाई तिच्या कपाळावर तो पाहत होत्या.

“काही नाही, मॅडम. तसं वाटलं होतं मला. सत्रातल्या ताई रोज सांगायच्या, दुखलं की मन असंच काहीतरी रचतं, आपल्याला सुचलं असं दाखवतं. माझा विश्वास बसत नव्हता. वीस दिवस भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, यंत्र चुकत असेल, तुम्ही चुकत असाल. आमच्या मॅडमना विचारा, त्यांना माहीत आहे.” तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि नीट उलगडून टेबलावर ठेवला. “मग हे आलं.”

बाईंनी आपली सही ओळखली.

“तुम्ही पहिल्या वर्षाला शिकवलं होतं, मॅडम. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि ज्याला खोटं बोलायचं कारण नाही, त्याचा शब्द हे प्रमाण. यंत्राचं मी मानलं नसतं. पण तुम्ही खोटं लिहून द्याल का?”

तिचे डोळे अजूनही स्वच्छ होते. त्यांत उत्तराची, कदाचित वेगळ्या उत्तराची, एक बारीक प्रतीक्षा होती. भिंतीवरचा ध्वनिग्राहक चालू होता. ‘हो’ म्हटले की कबुली रद्द. कबुली रद्द झाली की आत्मनकार पुन्हा उभा, आणि सहा महिने.

“नाही,” बिडकरबाई म्हणाल्या. “मी खोटं लिहीत नाही.”

“तेच,” प्रांजल म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, मनगट चोळले आणि ती पुढच्या तासाला गेली.